दाजींचा इंग्रजी पाढा

आमचे दाजी नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. ते त्याला एक इंग्रजी शब्द लावत. समोरच्याचा चहा संपेपर्यंत शब्द ठरलेला असायचा आणि मग तो जन्मभर बदलत नसे. सरपंच म्हणजे पॉम्पस, बडेजाव करणारा. दूध केंद्रावर फॅट बघणारा म्हणजे डीव्हियस, वाकड्या वाटेचा. देवळातले पुजारी ग्लटन, खादाड. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्यांनी लग्नानंतर आठ दिवसांत गार्युलस ठरवून टाकलं. गार्युलस म्हणजे बडबडी. आक्काला अर्थ कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग घरात एकानं तर बोलाया पायजे का न्हाई?"

मला माझा शब्द भर मांडवात मिळाला. लग्न लिंबागणेशला होतं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल कापड घ्यायचं, अशी रीत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, अंगात मस्ती होती, कान जरा जास्तच पिळला. दाजी हसले नाहीत, ओरडले नाहीत. टॉवेल-टोपी माझ्या हातावर ठेवली, तोंड माझ्या कानापाशी आणलं आणि म्हणाले, "मीडिओकर."

मी थँक्यू म्हणालो. मीडिओकर म्हणजे सुमार, हे मला चार दिवसांनी कळलं. राग आला, पण वाद घालायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. बारावीला अठ्ठेचाळीस टक्के होते. पुढे माजलगावकडं एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर चिकटलो आणि आजतागायत तिथंच आहे. ट्रक येतो, काटा हलतो, मी आकडा लिहितो. दाजींनी मुहूर्तावर वर्तवलेलं भविष्य मी निष्ठेनं खरं करून दाखवलं.

दाजींना हा नाद कसा लागला ते सांगतो. त्यांचं गाव केजपासून जीपनं अर्धा तास आणि पुढं पायी. घरची शेती थोडी, शेरडं-मेंढरं जास्त. त्यातून शिकून ते स्पर्धा परीक्षेला बसले आणि तीनदा पडले. तिसऱ्यांदा कुणीतरी दीडशहाण्यानं सांगितलं, "तुमचं बाकी सगळं बरोबर हाय, इंग्रजी शब्द कमी पडतेत." झालं. दाजींनी केजच्या बाजारातून, रद्दीच्या गाड्यावरून, अवघड इंग्रजी शब्दांचं एक पुस्तक आणलं. पुस्तकाची पुढची पानं गेलेली आणि मागचीही. त्यामुळं दाजींची इंग्रजी भाषा 'ॲडमंट म्हणजे हट्टी' इथून सुरू व्हायची आणि 'व्हर्बोस म्हणजे पाल्हाळिक' इथं संपायची. त्याच्या अलीकडं-पलीकडं इंग्रजांनी काही बोलून ठेवलं असेल, हे त्यांना मान्य नव्हतं.

परीक्षेचं वय उलटलं, पण शब्द सुटले नाहीत. दोनशे पानी वहीत त्यांनी सगळं पुस्तक उतरवून काढलं, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं आपल्या गावच्या भाषेत अर्थ. मग ती वही पाढ्यासारखी पाठ केली. सकाळी शेरडं घेऊन माळावर निघाले की सुरू: "ॲडमंट म्हणजे हट्टी, ॲडेप्ट म्हणजे तरबेज, ॲडमॉनिश म्हणजे झापणे, ॲड्युलेशन म्हणजे हांजी हांजी..." तीच चाल, तोच हेल, जो आपण बे एकं बेला लावतो. आक्का सांगायची की शेरडांनासुद्धा सवय झाली होती. आर संपून एस लागला की ती आपणहून घराकडं तोंड वळवायची. माझा यावर विश्वास नाही, पण शेरडं माझ्यापेक्षा हुशार असतील तर नवल नको.

या एवढ्या शब्दांचं दाजींनी काय केलं? काही नाही. ते हयातीत एकही इंग्रजी वाक्य बोलले नाहीत. एकदा मी तिरकस विचारलं, "दाजी, एवढे शब्द येतेत तर एखादं वाक्य कावून करीत न्हाईत?"

"वाक्य कुणीबी करतंय," ते म्हणाले. "आधी शब्द गोठ्यात पायजेत. शब्द म्हंजी जनावर. वापरायचं कमी, संबाळायचं जास्त. सांजच्याला मोजून घ्यायचं, एक कमी न्हाई पडला पायजे."

"पण मोजून करायचं काय?"

"तुमी ट्रक मोजता. त्याचं काय करता?"

मी आक्काकडं चहा मागितला. मीडिओकर माणसाला तेवढं जमतं.

दुसऱ्यांच्या इंग्रजीची त्यांना भारी किळस. शहरातून कुणी जावई, कुणी भाचा आला आणि ॲक्च्युअली, बेसिकली करू लागला की दाजी खांद्यावरचा पंचा झटकत उठायचे. "पावसाळी नाला. आवाज लई, खोली न्हाई." तहसीलला मोजणीचा अर्ज घेऊन गेले असताना कारकुनानं "जेवणानंतर या" म्हटलं. तिथल्या बाकावर दाजी बराच वेळ ओठ हलवत बसले, मग उठून खिडकीत तोंड घातलं आणि एकच शब्द टाकला, "प्रोक्रॅस्टिनेशन." म्हणजे चालढकल. कारकून म्हणाला, "त्याचा फॉर्म वरच्या मजल्यावर." दाजींना त्या कारकुनाला काय शब्द लावावा हे कळेना. शब्द कमी पडल्याची ती बहुधा एकच वेळ.

ते ओठ हलवणं आमच्यापैकी फार कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुपित मला आक्कानं सांगितलं, आणि सांगताना दार लोटून घेतलं. "कुणाला बोलू नको बाळू. त्यांला शब्द सुटा येत न्हाई. मधलाच कुठला इचारला की त्यांला त्या अक्षराच्या पयल्यापासनं म्हणावं लागतंय, मनातल्या मनात. तवा कुठं अर्थ हाताला लागतो."

म्हणजे तेरा साते किती विचारलं की तेरा एकं तेरापासून निघणाऱ्या पोरासारखं. ज्या माणसानं गावभर सगळ्यांना शब्द वाटले, त्याला शब्द असा दारातून धावत जाऊन पकडावा लागत होता. मी आक्कापुढं शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. पण मनातून मला जो आनंद झाला तो कान पिळतानाही झाला नव्हता.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरात लग्नात, बारशाला, अगदी तेराव्याच्या जेवणानंतरसुद्धा गोष्ट सांगायची जबाबदारी माझ्याकडं असते. लोक म्हणतात, बाळूमामा आला, आता हसवणार. असं ऐकत ऐकत माणूस बिघडतो. हसू दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही.

दाजींची मुलगी शीतल लग्नाची झाली. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे झाले की दाजी मुलाला पाच शब्द विचारायचे. नोकरी, जमीन, निर्व्यसनी आहे का, या चौकशा दुसऱ्यांनी कराव्यात. पाचातले तीन आले पाहिजेत. तीन मुलं त्यांनी अशी घालवली. त्यातला एक बिचारा दोन एकर बागायतदार होता, तो 'फ्रूगल'ला, म्हणजे काटकसरीला, अडकला. त्याची आई उठताना म्हणाली, "आमाला सून पायजे, मास्तर न्हाई."

चौथा मुलगा कृषी सहायक होता. शीतलला तो पसंत होता, हे चहाचा ट्रे ज्या तऱ्हेनं आला त्यावरून सगळ्यांना कळलं. आक्का देवघराच्या उंबऱ्यावर हात जोडून बसल्यासारखी बसली होती. मुलानं पाचातले तीन बरोबर सांगितले. घरानं श्वास सोडला. आणि तो मुलगा, अगदी नम्रपणे, म्हणाला, "मामा, मी पण एक विचारू का? टेनेशस म्हणजे काय हो? मला कायम अडतो तो."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण दाजींची नजर छताला लागली आणि ओठ हलू लागले. मला कळलं, टी सुरू झालाय. टॅसिटर्न म्हणजे घुमा, टँजिबल म्हणजे हाताला लागणारं... खोलीत पंधरा माणसं. सगळी दाजींच्या तोंडाकडं बघतायत. कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला.

आणि मी बोललो. "जावईबापू, जरा दमानं. दाजींची एसटी केजच्या स्टँडवरनं सुटलीय. मधले सगळे थांबे घेतल्याबिगर ती येत न्हाई."

पाहुणे हसले. आमचे हसले. कुणीतरी "म्हंजी?" म्हणून विचारलं, तर मी तेही समजावून सांगितलं, पाढ्याच्या चालीसकट. तेव्हा आणखी हसले. दाजींचे ओठ मध्येच थांबले. पाढा तुटला की तो पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो, आणि ते आता पंधरा माणसांदेखत म्हणता येणार नव्हतं. ते उठले, पंचा घेतला आणि शेरडांकडं गेले. शीतलचं लग्न त्याच बैठकीत ठरलं. सुपारी फुटली तेव्हा मुलीचा बाप गोठ्यात होता.

संध्याकाळी मी गाडीला किक मारत होतो तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "टेनेशस म्हंजी चिवट." त्यानंतर ते माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत.

माझ्याशीच कशाला, त्यांनी नवीन माणसाला शब्द लावणंही बंद केलं. दूध केंद्राच्या फळ्यावर फॅटच्या दराखाली रोज पाच शब्द लिहायचे, तेही सोडलं. तिथं आता खताची जाहिरात आली. मी काही वाळवंटात तप करायला गेलो नाही. नेहमीसारखा ट्रक मोजत राहिलो, आणि तो एसटीचा किस्सा आणखी चार लग्नांत सांगितला. पाचव्या लग्नात आक्का समोर बसली होती. ती हसली नाही. त्यानंतर मी तो किस्सा बंद केला, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

मग दाजींना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बीडच्या दवाखान्यात बारा दिवस राहून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं आलं तर हळूहळू येईल. घरी आल्यावर त्यांना कळत सगळं होतं, पण तोंडातून "ब, ब" यापलीकडं काही निघेना. मानेनं हो म्हणायला जावं तर नाही व्हायचं. आक्का तांब्या दाखवायची, ते मान हलवायचे. ती तांब्या न्यायची, तर ते डाव्या हातानं बाजेची लाकडं बडवायचे. अख्ख्या गावाला नावं ठेवणारा माणूस पाणी मागू शकत नव्हता. आक्का मला फोनवर म्हणाली, "मी दिसभर इचारतीय, हे का ते, हे का ते. त्यांला नुसता राग येतोय. ये की तू." गार्युलस बाईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी गेलो. बाजेजवळ बसलो. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, त्याला काही अर्धांग आड आलं नाही. आक्का शेरडांना पाला टाकायला मागं गेली. मला काय करावं सुचेना. कोनाड्यात ती दोनशे पानी वही होती. मी आपला चाळा म्हणून ती उघडली आणि मधलंच एक पान वाचू लागलो. खरं सांगायचं तर वाचताना ती चाल आपोआप लागली, जी मी इतक्या वेळा नक्कल म्हणून केली होती.

"पॅसिफाय म्हणजे शांत करणे. पॅलेटेबल म्हणजे चवदार. पॅल्ट्री म्हणजे..."

"फुटकळ," भिंतीकडून आवाज आला.

मी बोट त्या ओळीवर ठेवलं. दाजी स्वच्छ, खणखणीत, जुन्या हेलात पुढं निघाले. "पॅरामाउंट म्हणजे सगळ्यात मोठं, पार्च्ड म्हणजे तहानेनं कोरडं पडलेलं." आणि थांबले.

मला वाटलं दमले. मी पुढचा शब्द वाचला. त्यांनी बाजेवर हात आपटला. मी पुन्हा पॅसिफायपासून सुरू केलं, ते बरोबरीनं आले आणि पुन्हा तिथंच थांबले. मी आक्काला हाक मारून हे नवल सांगू लागलो, तर ती पाल्यानं भरलेल्या हातांनी दारात उभी राहून माझ्याकडं मी मूर्ख असल्यासारखं बघत होती. "आरं, पाणी दे त्यांला."

ते तांब्याभर पाणी प्यायले.

त्या दिवसापासून घरात बोलायची भाषा ही. सुटा शब्द त्यांना एकही येत नव्हता, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. पण आपण अक्षराचं पहिलं पाऊल टाकून दिलं की पाढा सुरू व्हायचा, आणि पाहिजे तिथं ते थांबायचे. कुठलं अक्षर हवं ते वहीवर डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचे. भूक म्हणजे रॅव्हनस. चहाला आधी ते एसमधल्या स्टिम्युलंटपर्यंत, म्हणजे तरतरी आणणाऱ्यापर्यंत, जायचे, पण एस लांबलचक, तोवर आधण आटायचं. मग त्यांनीच बीमधलं बेव्हरेज, म्हणजे पेय, धरलं. लघवीची सोय मात्र वाईट होती. त्यासाठी त्यांनी आयमधला इम्परेटिव्ह निवडला होता, म्हणजे अत्यंत निकडीचं, आणि आयची सुरुवात आली की मी आणि आक्का अर्थाची वाट न बघता भांडं घेऊन धावायचो. कधी कधी त्यांना फक्त 'इडिलिक' म्हणायचं असायचं, म्हणजे निवांत वाटतंय. भांडं बघून ते डोळे मिटून घ्यायचे.

मी शनिवारी संध्याकाळी यायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. वही बघून बोललेलं त्यांना खपत नसे, मध्ये पान उलटायला वेळ गेला की पाढा तुटायचा. म्हणून पाठ करावं लागलं. पन्नाशीला आलेला माणूस वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून "लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, लेथार्जिक म्हणजे मरगळलेला" म्हणतो, हे बघून ट्रकवाले एकमेकांना म्हणायचे, "साहेबाचं डोस्कं सरकलं बे." आक्का माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिला तीस वर्षांचं ऐकून अर्धं येतच होतं. शीतल फोनवरून जीपासून केपर्यंतची अक्षरं बघायची. ज्या वहीला आम्ही सगळ्यांनी मिळून हसलो होतो तिची आता झेरॉक्स काढून वाटणी झाली होती. मला टी आला होता. मी मागितला नव्हता, आक्कानंच लावून दिला.

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी पहाटे मी निघायला उठलो तेव्हा दाजींनी बोट उचललं. वहीवर एम दाखवला. एममध्ये रोजच्या गरजेचं काही नव्हतं. आक्का म्हणाली, "तुज्यासाटी असंल." मी पुन्हा बाजेजवळ बसलो. एमवर कोण राहतो ते मला मांडवापासून माहीत होतं.

मी पहिलं पाऊल टाकलं. "मॅग्नॅनिमस..."

"म्हणजे मोठ्या मनाचा," ते म्हणाले. मी जरा थांबून बघितलं. ते थांबले नाहीत, तेवढी अपेक्षा मीही ठेवायला नको होती. "मॅलिस म्हणजे आकस. मॉडलिन म्हणजे रडवा. मीगर म्हणजे तुटपुंजं. मेडल म्हणजे नाक खुपसणे." आवाज बारीक होत चालला होता. यातल्या कुठल्याही शब्दावर त्यांना थांबता आलं असतं, सगळेच मला बसले असते. "मीडिओकर म्हणजे सुमार," ते म्हणाले आणि श्वास घेतला. मी मान खाली घातली, म्हटलं, बरोबर आहे दाजी.

"मीक," दाजी म्हणाले, "म्हणजे गरीब गाय."

आणि तोंड मिटलं. मी पुढचा मेलँकली, म्हणजे उदास, सुचवून बघितला. त्यांनी बाजेवर हात आपटला. मग तोच डावा हात उचलून त्यांनी माझा कान धरला आणि पिळला. फार जोर नव्हता त्यात.

बाहेर आल्यावर मी आक्काला म्हणालो, "बघितलंस? बढती दिली मला."

"काय की," आक्का म्हणाली. "दम लागला असंल. मधी थांबता आलं नसंल त्यांला."

असेलही. पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी दाजी गेले, त्यामुळं विचारायची सोय राहिली नाही. राहती तरी त्यांनी सांगितलं नसतं. तीस वर्षं एका माणसाला पारखून त्याला एक ओळ खाली सरकवणं, यापेक्षा जास्त उदारपणा त्यांच्या स्वभावात नव्हता.

वही आक्काकडं आहे. माझ्याकडं झेरॉक्स. मला त्यातलं सगळं पाठ आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही. गेल्या महिन्यात शीतलच्या नवऱ्यानं मला जेवताना सहज विचारलं, "मामा, मीक म्हणजे काय हो?" अर्थ मला येतो, माझाच तर शब्द आहे तो. पण माझी नजर छताला लागली आणि ओठ हलू लागले. पंगतीतलं कुणीतरी हसलं. मी मॅग्नॅनिमसपासून निघालो होतो, आणि मधले सगळे थांबे घेतल्याबिगर मला पोचता येत नव्हतं.